ग्वाल्हेरचे शून्य आणि सतरा अंकांची माळ

गणिताच्या मास्तराने फळ्यावर चूक करावी आणि विद्यार्थ्याने ती दाखवावी, यात लाजण्यासारखे काही नाही. दाखवलेली चूक मास्तराने मान्य करू नये, यात मात्र आहे. माझ्या हातून हे दुसरे घडले, १९८४ च्या पावसाळ्यात. मी व्याख्याता म्हणून नवा होतो. शेवटचा तास होता, बाहेर पाऊस कोसळत होता, वर्ग कंटाळला होता. मुलांना जरा खुलवावे म्हणून मी फळ्यावर लिहिले :

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असे करीत करीत नऊ एकांपर्यंत गेलो आणि १११११११११ चा वर्ग म्हणून १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लिहिली. वर्ग खूश झाला. कोणीतरी विचारले, "सर, पुढे?" मी म्हणालो, "पुढेही असेच. गणितातल्या सौंदर्याला अंत नसतो." टाळीचे वाक्य होते, टाळी मिळाली.

तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी वही घेऊन टेबलापाशी आली. तिने तेवढ्या वेळात दहा एकांचा वर्ग हाताने करून पाहिला होता. उत्तर होते १२३४५६७९००९८७६५४३२१. "सर, डावीकडे आठ नाहीच आलेला. आणि मध्ये दोन शून्यं आलीत." मी वहीकडे ओझरते पाहिले आणि म्हणालो, "हातचा चुकला असेल. पुन्हा करून पाहा." ती "बरं सर" म्हणून गेली. रात्री घरी मी तो गुणाकार केला. तिचा हातचा चुकलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी वर्गात पुढचा धडा शिकवला.

ही गोष्ट मी विसरलो होतो असे म्हणणे खोटे होईल. ती बाजूला ठेवली होती एवढेच. २०१८ च्या डिसेंबरात ती पुन्हा समोर आली, ग्वाल्हेरला.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माझी मावसबहीण राहते. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास तिथे आपली छावणी आणली, त्या छावणीचेच हे शहर झाले. त्यामुळे लष्करात मराठी घरे पिढ्यान्पिढ्या आहेत. मराठी जरा हिंदीच्या चालीवर चालते, पण घरात पुरणपोळी आणि गणपती अगदी आपल्यासारखेच. बहिणीकडे लग्नकार्य होते. ते आटोपल्यावर भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही गणितवाले. चला, तुम्हाला जगातलं पहिलं शून्य दाखवतो."

पूर्वेच्या बाजूने किल्ल्यावर जाणारी जी चढण आहे, तिच्या वाटेवर चतुर्भुज मंदिर लागते. मंदिर म्हणजे एका खडकात कोरलेली एक लहानशी वास्तू. वर मानमंदिर पाहायला निघालेली माणसे तिच्यावरून सरळ पुढे जातात. राजा भोजदेवाच्या, म्हणजे इतिहासात मिहिरभोज म्हणून प्रसिद्ध असलेल्या प्रतिहार राजाच्या काळात अल्ल नावाच्या किल्लेदाराने ते करविले. तिथे दोन शिलालेख आहेत. त्यांतला एक विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा. त्याचा विषय गणित नाहीच. देवाला फुले मिळावीत म्हणून गावाने बागेसाठी जमीन दिली, तिची ती नोंद आहे. बागेची लांबी २७० हात, रुंदी १८७ हात. आणि रोज देवाला ५० माळा. हिशेब अगदी घरगुती. पण २७० मधले आणि ५० मधले शून्य तिथे लहानशा वाटोळ्या खुणेने कोरलेले आहे. इतर अंकांपेक्षा ते आकाराने लहान आहे, ओळीत जरा अंग चोरून बसल्यासारखे.

भाच्याचे "जगातलं पहिलं" हे विशेषण मात्र मला तिथेच दुरुस्त करावे लागले. कंबोडियातील संबोर येथील एका शिलालेखात शक ६०५, म्हणजे इ. स. ६८३, हा आकडा आहे आणि त्यातले शून्य टिंबाने दाखवले आहे. पेशावरजवळ १८८१ साली सापडलेल्या बख्शाली हस्तलिखितात शून्यासाठी टिंबे आहेत. त्याच्या एका भागाचा काळ २०१७ साली ऑक्सफर्डने फार जुना, तिसऱ्या-चौथ्या शतकातला ठरवला. तो निर्णय सगळ्या विद्वानांना मान्य नाही. शून्य घेऊन बेरीज-वजाबाकी कशी करावी याचे नियम तर ब्रह्मगुप्ताने ६२८ सालीच लिहून ठेवले होते. तेव्हा ग्वाल्हेरचा मान वेगळा आहे. दगडावर, निश्चित तारखेसह, आज आपण काढतो तसे वाटोळे शून्य स्थानमूल्याच्या कामाला लावलेले भारतात जिथे दिसते, असे हे जुन्यात जुने ठिकाण मानले जाते. एवढा मान पुरेसा आहे.

"पण मामा, एवढ्या लहान शून्यानं फरक काय पडतो?" भाच्याने विचारले. मी म्हणालो, "ते पुसून बघ." २७० चे २७ होतात. बाग २७० × १८७ = ५०,४९० चौरस हात होती, ती ५,०४९ चौरस हातांवर येते. नऊ दशांश बाग गेली. ५० च्या ५ माळा झाल्या. देव काही बोलणार नाही, पण माळ्याचे पोट त्या खुणेवर आहे. शून्य इथे 'काही नाही' असे सांगत नाही. 'सात हे दशकाच्या घरात आहेत, एककाच्या नाही' असे ते सांगते.

तिथे उभा असताना त्या पन्नास माळांवरून मला दुसरीच एक माळ आठवली, आणि ती आपल्या बाजूची आहे. ग्वाल्हेरचा लेख कोरला गेला त्याच्या साधारण पाव शतक आधी, ८५० च्या सुमारास, महावीराचार्य नावाच्या जैन गणितीने 'गणितसारसंग्रह' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्याच्या आरंभी त्याने राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याची स्तुती केली आहे. नृपतुंग हे नाव आपल्या अंकाच्या कन्नड विभागाच्या वाचकांना 'कविराजमार्गा'मुळे चांगलेच परिचयाचे आहे. त्याची राजधानी मान्यखेट म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. राष्ट्रकूट आणि प्रतिहार ही घराणी एकमेकांशी लढत होती, पण दोन्हीकडचे अंक मात्र एकाच रीतीने चालत होते. महावीराचार्याने काही गुणाकार असे दिले आहेत की उत्तर डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखेच. त्यांना तो गळ्यातल्या अलंकाराची उपमा देतो. त्यांपैकी एक :

२७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१

या उत्तराचे वर्णन त्याने 'एकापासून सहापर्यंत चढत जाणारी आणि मग क्रमाने उतरणारी' अशा अर्थाने केले आहे. ही १११११ नंतरच्या पायरीची, म्हणजे १११११११ च्या अलीकडची, सहा एकांच्या वर्गाची संख्या! मी १९८४ साली फळ्यावर लिहिलेल्या संख्येची धाकटी बहीण. १११११ मध्ये मूळ अवयव थोडे आहेत, पण सहा एकांच्या ११११११ या संख्येत ३, ७, ११, १३ आणि ३७ असे पाच मूळ अवयव सापडतात. त्यामुळे तिचा वर्ग ४४१ (म्हणजे २१ चा वर्ग) आणि २७९९४६८१ (म्हणजे ५२९१ चा वर्ग) अशा दोन अनोळखी चेहऱ्यांत लपवता येतो. आचार्य सहापाशी थांबले ते यासाठीच असावेत, असे मला वाटते. जाता जाता सांगतो, याच महावीराचार्याने संख्येला शून्याने भागले तर ती तशीच राहते असे लिहिले आहे, आणि ते चूक आहे. एवढ्या मोठ्या माणसाचा पाय शून्यावरून घसरला हे वाचून मला थोडा धीर आला.

आता आपल्या सतरा अंकी संख्येकडे येऊ. ती वाचायची कशी? भास्कराचार्यांनी ११५० च्या 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्यांतली पहिली सतरा आपल्याला बरोबर पुरतात : १ मध्य, २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकू, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, ९ अर्बुद, ८ कोटी, ७ प्रयुत, ६ लक्ष, ५ अयुत, ४ सहस्र, ३ शत, २ दश, १ एक. शिखरावरचे नऊ अर्बुदाच्या घरात बसले आहेत आणि परार्ध फक्त एक पायरी वर आहे.

ही संख्या किती मोठी? ग्वाल्हेरच्याच मापाने मोजू. समजा प्रत्येक माळेत १०८ फुले. रोजच्या ५० माळांना ५,४०० फुले लागतील. या हिशेबाने १२३४५६७८९८७६५४३२१ फुले संपायला सुमारे ६२६ कोटी वर्षे लागतात. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. म्हणजे पृथ्वी जन्मली त्या दिवशी माळा ओवायला बसलेला माळी अजून बसलेलाच असता.

ती माळ अशी सुबक का होते, ते पाहायला कागदावर १११ × १११ मांडा. १११ तीन वेळा लिहायचे, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. मग उभ्या रकान्यांत एक-एक मोजा : एक, दोन, तीन, दोन, एक. उत्तराचा प्रत्येक अंक म्हणजे त्या रकान्यातल्या एकांची संख्या, दुसरे काही नाही. नऊ एकांच्या वेळी मधल्या रकान्यात नऊ एक जमतात आणि नऊ हा एका घरात मावणारा शेवटचा अंक आहे. सगळ्या अंकांची बेरीज ८१ येते, कारण एकूण नऊ ओळी आणि प्रत्येक ओळीत नऊ एक.

दहा एकांच्या वेळी मधल्या रकान्यात दहा जमतात. दहा एका घरात मावत नाहीत. तिथे शून्य लिहायचे आणि हातचा एक डावीकडे द्यायचा. डावीकडच्या रकान्यात नऊ होते, त्यांचे दहा झाले. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्याच्या डावीकडे आठ होते, त्यांचे नऊ झाले आणि हातचा तिथे मावला. म्हणून आठ दिसेनासा होतो आणि मध्ये शेजारी शेजारी दोन शून्ये येतात. मागच्या बाकावरच्या मुलीने नेमके हेच पाहिले होते. रकान्यांतले एक आता शंभर आहेत, पण उत्तरातल्या अंकांची बेरीज ८२ च येते. गेले कुठे अठरा? प्रत्येक हातचा दहा एकके घेतो आणि त्यांच्या जागी पुढच्या घरात एक ठेवतो, म्हणजे बेरजेतून नऊ खातो. हातचे दोन, नवे दोन अठरा. कोणत्याही गुणाकारात हा ताळा करून पाहा, चुकत नाही. ज्या नऊच्या नियमाने आपण शाळेत उत्तरे तपासत होतो, तो नियम याच हातच्यातून येतो.

ग्वाल्हेरच्या त्या लहान वाटोळ्या खुणेसमोर माझी चूक मला अशी दिसली. मी ज्याला सौंदर्याचा अंत म्हणून दडपले होते, ते दुसरे काही नसून दशक भरल्याची खूण होती. २७० मध्ये बसलेले तेच शून्य दहाव्या पायरीवर माझ्या माळेत येऊन बसले होते.

मग त्या संख्येचा स्वतःचा गुण कोणता आणि लिहिण्याच्या पद्धतीने दिलेला कोणता? विद्यार्थी मित्रहो, मला वाटते मोठ्या संख्येविषयी विचारण्याचा खरा प्रश्न हाच आहे. नऊ एकांच्या संख्येचे मूळ अवयव आहेत ३ × ३ × ३७ × ३३३६६७. तेव्हा तिच्या वर्गात ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा येतो. यावरून विभाजकांची संख्या ५ × ३ × ३ = ४५ निघते. पंचेचाळीस ही विषम संख्या आहे आणि ते बरोबरच आहे. विभाजक नेहमी जोडीने येतात, पण वर्गसंख्येत वर्गमूळाला जोडीदार म्हणून तोच मिळतो, म्हणून एक जास्तीचा उरतो. हे गुण संख्येचे स्वतःचे. तुम्ही ती रोमन अंकांत लिहा, गारगोट्यांनी मोजा, विभाजक पंचेचाळीसच राहतील.

उलटसुलट सारखे वाचता येणे हा गुण मात्र दहाच्या पद्धतीचा. १९५७ मध्ये नवे पैसे येईपर्यंत आपल्याकडे रुपयाचे सोळा आणे होते. आपले अंकही सोळांच्या घरांनी चालते, तर पंधरा एकांपर्यंत माळ सुबक राहिली असती. आठांच्या घरांनी चालते, तर सातापाशीच थांबली असती. संगणकात दोनांची घरे असतात; तिथे तर दुसऱ्याच पायरीला ११ × ११ = १००१ होते (आपल्या भाषेत तीन त्रिक नऊ) आणि दोन शून्ये लगेच हजर होतात.

या दोन प्रकारच्या गुणांमधल्या सीमेवर ज्याने आयुष्यभर मनापासून खेळ मांडला, तो माणूस आपला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिक्षक होते. ६१७४ या संख्येमुळे त्यांचे नाव जगात गेले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले. १, १२१, १२३२१ या कुळातल्या संख्यांना कापरेकरांनी 'डेमलो संख्या' असे नाव दिले. डेमलो हे आजच्या डोंबिवली स्थानकाचे जुने नाव. त्या स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, तिला त्यांनी 'हर्षद' म्हटले, आनंद देणारी. आमची सतरा अंकी संख्या हर्षद आहे : तिला ८१ ने भागले की १५२४१५७८९९७१०४१ उरतात, आणि हा भागाकारही पुन्हा १२३४५६७९ चा वर्ग आहे. ग्वाल्हेरचे २७० हर्षद (बेरीज ९), ५० हर्षद (बेरीज ५), बागेचे ५०,४९० चौरस हातही हर्षद (बेरीज १८, भागाकार २,८०५). १८७ मात्र नाही आणि संवत ९३३ ही नाही. दहा एकांचा वर्गही हर्षद नाही. त्याची बेरीज ८२ सम, आणि विषम संख्येला समाने भाग जाईल कसा?

कापरेकरांच्या या संख्यांना काही मोठे गणिती नुसता करमणुकीचा खेळ समजत. त्यात तथ्य नाही असे नाही. अंक बदलले की खेळ बदलतो. पण हातच्याची चाल समजून घ्यायला यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही.

ग्वाल्हेरहून गोवा एक्सप्रेसने परत आलो आणि त्या विद्यार्थिनीचा पत्ता मिळवला. त्याला महिना लागला. ती आता एका शाळेत गणित शिकवते. मी तिला पत्रात सरळ लिहिले की तुझा हातचा बरोबर होता, मला ते त्याच रात्री कळले होते आणि मी सांगितले नाही. उत्तरादाखल पोस्टकार्ड आले. त्यात रागाचा शब्द नव्हता, क्षमेचाही नव्हता. "सर, मी तो गुणाकार दर वर्षी मुलांना देते. अकरा एकांचा करून पाहिलात का?" एवढेच.

मी केला. १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. चार हातचे, बेरीज १२१ ऐवजी ८५. डावीकडचे अंक पाहा : १२३४५६७९०१२. हे अंक आणखी एके ठिकाणी भेटतात. १ ला ९ ने भागले की ०.१११११… येते, न संपणारे एक. त्याचा वर्ग, म्हणजे १ भागिले ८१, करून पाहा : ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… एकांची संख्या वाढवीत जाल तशी आपली माळ डावीकडून या अपूर्णांकाच्या अधिकाधिक जवळ जाते. इथेही दर फेरीला सातानंतर एकदम नऊ येतात, कारण पुढच्या रकान्यात भरलेल्या दहाचा हातचा नवावर जातो आणि नवाचा आठावर.